कागदाच्या कपट्यांमागे: क्वालालंपूरच्या हॅशचा इतिहास

हॅश हाऊस हॅरियर्स या नावाचा पहिला धावण्याचा गट डिसेंबर १९३८ मध्ये क्वालालंपूरला सुरू झाला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी जमायचे, कोणीतरी आधी टाकून ठेवलेल्या कागदाच्या कपट्यांचा माग काढत रबराच्या मळ्यांतून आणि झाडोऱ्यातून तासभर धावायचे, आणि शेवटी बर्फात गार केलेली बीअर प्यायची, एवढाच त्याचा कार्यक्रम होता. शर्यत नव्हती, बक्षीस नव्हते, वेळेची नोंदही नव्हती. मूठभर अविवाहित गोऱ्या नोकरदारांची ही करमणूक पुढे महायुद्ध, कम्युनिस्ट बंड आणि साम्राज्याचा अस्त या तिन्हींतून तगली. आज तिच्या सुमारे दोन हजार शाखा जगभर पसरल्या आहेत.

खेळाचे मूळ मलायातले नाही. इंग्लंडच्या निवासी शाळांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘ससा आणि कुत्रे’ हा खेळ रुळला होता. एकदोन मुलांनी ससा व्हायचे, पिशवीतून कागदाचे तुकडे सांडत पुढे पळायचे आणि बाकीच्यांनी त्या मागावरून त्यांना गाठायचे. श्रूजबरी शाळेतला या खेळाचा गट जुन्यांपैकी एक मानला जातो. रग्बी शाळेतल्या अशाच एका धावेचे वर्णन टॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीत आहे. १८६८ मध्ये लंडनजवळ थेम्स हेअर अँड हाउंड्स हा प्रौढांचा क्लब निघाला आणि तेथून या खेळाला क्रॉस कंट्री शर्यतीचे शिस्तबद्ध वळण लागले. हॅरियर हा सशाच्या शिकारीसाठी पाळला जाणारा कुत्रा, म्हणून धावणाऱ्या मंडळांनी ते नाव घेतले. साहेब गेले तिथे त्यांनी हा खेळ नेला. कोलकात्यात तर थंडीच्या दिवसांत तो घोड्यांवर बसून खेळला जाई. मलायातही क्वालालंपूर, इपोह, जोहोर बाहरू आणि मलाक्का येथे १९३८ च्या आधी असे गट निघाले होते. त्यांतले बरेचसे चार-दोन वर्षांत विरून गेले.

क्वालालंपूरचाच गट टिकला, यात तिथल्या जमिनीचा वाटा मोठा होता. गोम्बाक आणि क्लांग या नद्यांच्या संगमावर हे गाव वसले ते कथिलासाठी. १८५७ मध्ये चिनी खाणकामगार संगमापर्यंत होड्यांनी आले आणि तिथून पुढे झाडीत शिरून आंपांग भागात खणू लागले. कथील काढण्यासाठी जमिनीची वरची माती पाण्याने धुऊन काढावी लागते. खाण संपली की उरतात पाण्याने भरलेले खड्डे आणि पांढऱ्या वाळूचे ढिगारे. १८९६ साली क्वालालंपूर संघीय मलाय राज्यांची राजधानी झाले तोवर आसपासचा बराच मुलूख असा खणून सोडलेला होता.

कथिलामागून रबर आले. ब्राझीलमधून आणलेल्या बियांपासून लंडनच्या क्यू उद्यानात रोपे तयार झाली आणि त्यांपैकी बावीस रोपे १८७७ मध्ये सिंगापूरला पोहोचली. तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांनी झाड न मारता चीक काढण्याची पद्धत बसवली आणि मळेवाल्यांना रबर लावण्याचा इतका आग्रह धरला की लोक त्यांना वेडगळ समजत. मोटारी आल्या, टायर आले आणि रिडली खरे ठरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मलायाच्या पश्चिम पट्ट्यातले मूळ अरण्य मैलोनमैल तोडून तिथे रबर उभे राहिले. मळ्यांवर राबायला दक्षिण भारतातून, मुख्यतः तमिळ भागातून, कंगाणी नावाच्या मुकादमांमार्फत मजूर आणले गेले.

त्यामुळे हॅशची मंडळी ज्याला सरसकट जंगल म्हणत ते बहुतांशी माणसाच्या हातून गेलेले रान होते. रबराच्या ओळी, मधून चीक गोळा करणाऱ्यांच्या पायवाटा, सोडून दिलेल्या खाणींची तळी, लालांग गवताची धारदार पात्यांची कुरणे, टेकड्यांच्या उतारावरच्या चिनी दफनभूमी, आणि पडीक जमिनीवर पुन्हा माजलेली झुडपांची व वेलींची दाटी, जिला मलाय भाषेत बलुकार म्हणतात. आदिम वर्षावनात उंच झाडांच्या छताखाली ऊन पोचत नाही, म्हणून खाली चालायला मोकळीक असते. बलुकारात नेमके उलटे असते. छत नसल्याने जमिनीलगत सगळे फोफावते आणि पाच पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. माग हरवण्या-सापडण्याच्या खेळाला याहून सोयीची जागा शोधून मिळाली नसती. जे कथील आणि रबर या मुलखाची अशी उलथापालथ करत होते, त्याच धंद्यांचे हिशेब ठेवायला खेळाडूही इंग्लंडहून आले होते.

हे खेळाडू व्यापारी पेढ्या, बँका, मळा-कंपन्या आणि सरकारी खाती यांतले तरुण होते. पहिल्या करारात लग्न करायला अनेक कंपन्यांची परवानगी नसे. पगार बरा, संध्याकाळी काम नाही आणि घरी कोणी नाही, अशा माणसांचे सारे आयुष्य क्लबात जाई. सेलांगोर क्लबची स्थापना १८८४ ची. पडांग या मोठ्या मैदानाच्या कडेला त्याची इमारत आहे. संस्थापक सभासदांत तंबुस्वामी पिळ्ळै हे तमिळ कंत्राटदार होते, म्हणजे क्लब अगदी निव्वळ गोऱ्यांचा नव्हता. ती मिजास १८९० मध्ये निघालेल्या लेक क्लबात अधिक होती. सेलांगोर क्लबला जोडून एकट्या पुरुषांसाठी राहण्याच्या खोल्या होत्या. तिथले जेवण इतके रटाळ की उरल्यासुरल्या मांसाच्या कुटक्यावरून राहणाऱ्यांनी त्या वास्तूला ‘हॅश हाऊस’ असे कुचेष्टेचे नाव ठेवले. धावणाऱ्या गटाने तेच उचलले.

गटाच्या उभारणीत आल्बर्ट स्टीव्हन इग्नेशस गिस्पर्ट यांचे नाव पहिले घेतले जाते. ते इंग्लंडमध्ये जन्मलेले, कॅटलान घराण्यातले हिशेबतपासनीस. मित्र त्यांना नुसते ‘जी’ म्हणत. मलाक्का येथे नेमणूक असताना ते स्प्रिंगित हॅरियर्स या गटाबरोबर धावले होते आणि क्वालालंपूरला बदलून आल्यावर तसेच काही इथे सुरू करावे असे त्यांच्या मनाने घेतले. सेसिल ली, फ्रेडरिक ऊर्फ ‘हॉर्स’ थॉमसन, एरिक गॅल्विन, एच. एम. डॉइग आणि थोड्या काळाने आलेले रोनाल्ड ऊर्फ ‘टॉर्च’ बेनेट हे त्यांचे सुरुवातीचे सोबती. गिस्पर्ट स्वतः काही धावपटू नव्हते. अंगाने गोल, स्वभावाने गप्पिष्ट. ही गोष्ट गौण वाटेल, पण हॅशचा पुढचा सगळा स्वभाव तिच्यातूनच घडला. संस्थापक चपळ असता तर मलायात आणखी एक क्रॉस कंट्री मंडळ निघाले असते आणि बाकीच्यांसारखेच विरले असते.

खेळाची खरी करामत माग आखण्यात आहे. आखणाऱ्याला हेअर, म्हणजे ससा, म्हणतात. मलायाच्या पद्धतीत ससा पळून दाखवत नाही. तो बहुधा दुपारीच एका सोबत्याला घेऊन रानात शिरतो. खांद्याला कागदाचे पोते आणि हातात पारांग हा लांब पात्याचा मलाय कोयता असतो. कार्यालयातले रद्दी कागद फाडून केलेल्या पट्ट्या तो जमिनीवर टाकतो किंवा छातीच्या उंचीवर फांद्यांत अडकवतो. एका कपट्यावरून पुढचा दिसला पाहिजे, पण फार ठळकही दिसता कामा नये, एवढे अंतर तो ठेवतो. काही अंतर गेल्यावर तो माग मुद्दाम तोडतो. या जागेला चेक म्हणतात. खरा माग तिथून ठराविक टप्प्याच्या आत कुठल्याही दिशेला पुन्हा सुरू होतो. शिवाय एखाद-दुसरा खोटा मागही टाकलेला असतो, जो दहा-वीस कपट्यांनंतर संपतो.

धावणारे चेकपाशी पोचले की चौफेर पांगतात. जोराने धावणारे इथे सर्वाधिक फसतात, कारण पहिल्यांदा तेच खोट्या मागावर लांबपर्यंत जातात आणि परत येतात. तेवढ्यात मागचे, धापा टाकणारे, पोट सुटलेले सगळे येऊन मिळतात. कोणाला खरा माग सापडला की तो ‘ऑन-ऑन’ अशी आरोळी ठोकतो, शिंग वाजते आणि कळप त्या दिशेला धावतो. चांगल्या सशाची ओळख अशी की पहिला आणि शेवटचा माणूस मुक्कामी जवळजवळ बरोबरच पोचतात. वेग निरुपयोगी ठरवणारी ही युक्ती शाळकरी खेळात एवढी मुरलेली नव्हती. हॅशने तीच खेळाचा गाभा केली. आडवाटेने मधला पल्ला तोडणारे धूर्त लोकही प्रत्येक गटात असतात. त्यांची थट्टा होते, पण त्यांना कोणी बाहेर काढत नाही.

निसर्गाचे नियम सशाच्या हातात नसतात. क्वालालंपूरला वर्षाकाठी सुमारे २,४०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि तो बराचसा दुपारनंतरच्या वळवासारख्या सरींनी. तासाभराच्या सरीत जमिनीवरचा कागद लगदा होऊन चिखलात मिसळतो, म्हणून तर तो फांद्यांत अडकवायचा. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो. आजच्या घड्याळाप्रमाणे सहाला धाव सुरू झाली तर सव्वासाताच्या सुमारास रानात काळोख दाटतो, आणि एखादा चेक सुटला नाही तर गट विजेऱ्यांच्या उजेडात भटकतो. पावसानंतर ओल्या पानांवर जळवा असतात. त्या चावल्याचे कळतही नाही. मोजा लाल झालेला दिसला की कळते. त्यांच्याहून जास्त छळतो आणि कपडे फाडतो तो वेत. त्याच्या लांब शेंड्यांवर उलट्या आकड्यांसारखे काटे असतात आणि त्यात अडकलेला माणूस पुढे ओढ घेईल तितका अधिक गुंततो. दोन पावले मागे सरकणे हाच उपाय. अंधारात कोणी मागे राहिला तर बाकीचे थांबतात, मोटारींचे भोंगे वाजवतात आणि शोधायला पुन्हा आत जातात. ही प्रथा जुन्या गटांत अजून पाळली जाते.

धाव संपल्यावरचे विधी हळूहळू साचत गेले. आरंभी पत्र्याच्या टबात बर्फ, बीअर आणि आल्याची बिनदारूची पेये असत. इनॅमलचे मग फिरत. पुढे गोल करून उभे राहणे, चूक करणाऱ्याला मध्ये बोलावून एका दमात पेला रिकामा करायला लावणे, टोपणनावे ठेवणे, बर्फाच्या लादीवर बसवणे हे सगळे वाढले. टोपणनावांतला आणि गाण्यांतला चावटपणा हा बाहेरच्यांना हॅशविषयी सर्वांत आधी ऐकू येणारा भाग. त्यातला बराचसा युद्धानंतरचा, सैनिकी छावण्यांतून आणि इतर देशांतल्या शाखांतून आलेला आहे. १९३८ च्या हिशेबतपासनिसांच्या माथी तो सगळा मारणे अन्यायाचे होईल.

हा क्रम जेमतेम तीन वर्षे चालला. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य कोटा बाहरू येथे उतरले आणि दोन महिन्यांत सारा द्वीपकल्प त्याच्या ताब्यात गेला. रबराच्या मळ्यांतल्या ज्या वाटांवरून हॅश धावत होता तशाच वाटांवरून जपानी पायदळ सायकलींवर बसून दक्षिणेकडे सरकले आणि रस्ते अडवून बसलेल्या ब्रिटिश तुकड्यांच्या बगलेतून पुढे निघाले. गिस्पर्ट युद्ध पेटले तेव्हा ऑस्ट्रेलियात सुट्टीवर होते. ते परत आले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरच्या बुकित तिमा भागातल्या लढाईत मारले गेले. चार दिवसांनी सिंगापूर पडले. गटातले इतर काही जण जपान्यांच्या कैदेत गेले.

युद्ध संपल्यावर हॅश लगेच सुरू झाला नाही. त्याला चालना देणारा माणूसच उरला नव्हता. टॉर्च बेनेट यांनी गटाच्या नावे सरकारकडे युद्धहानीचा दावा केला. त्यात पत्र्याचा एक टब, दोन जुनी पोती आणि दोन डझन इनॅमलचे मग एवढ्या मालमत्तेची भरपाई मागितली होती. संस्थेचे त्या काळचे वैभव किती, हे या यादीइतके दुसऱ्या कशाने कळत नाही. ऑगस्ट १९४६ मध्ये घोडशर्यतीच्या मैदानाभोवती एक छोटी फेरी मारून धावणे पुन्हा सुरू झाले.

दोनच वर्षांनी, जून १९४८ मध्ये, मलायात आणीबाणी जाहीर झाली. मलायी कम्युनिस्ट पक्षाचे बंडखोर रानात तळ ठोकून होते. मळ्यांचे व्यवस्थापक आणि खाणमालक हे त्यांचे लक्ष्य होते. संचारबंदी लागली. १९५० पासून ब्रिग्ज योजनेखाली रानाकडेला राहणाऱ्या पाच लाखांच्या आसपास लोकांना, त्यांत बहुतेक चिनी, काटेरी कुंपणाच्या नव्या वस्त्यांत हलवण्यात आले. ज्या पट्ट्यात सैन्य जपून पाऊल टाकत होते तिथेच अर्ध्या चड्डीतले गोरे आरोळ्या ठोकत आणि शिंग वाजवत धावत होते, हे चित्र अजब आहे. चेरास भागातल्या एका धावेत माग काढणाऱ्यांना ताडपत्री पांघरून झोपलेले बंडखोरच सापडले आणि पुढचे काम पोलिसांनी केले, ही हकीकत हॅशच्या जुन्या मंडळींत आवर्जून सांगितली जाते. आणीबाणीच्या काळात संस्थांना नोंदणी करावी लागे. १९५० च्या नोंदणीतले हॅशचे उद्देश आजही शाखाशाखांत मिरवले जातात: सभासदांची प्रकृती धडधाकट ठेवणे, सुट्टीतल्या पिण्याचा उतारा करणे, चांगली तहान लावून ती बीअरने भागवणे आणि वयस्कर सभासदांना ते स्वतःला वाटतात तितके म्हातारे नाहीत हे पटवणे. सरकारदरबारी इतका खरा अर्ज क्वचितच कोणी केला असेल.

३१ ऑगस्ट १९५७ च्या मध्यरात्री ब्रिटिश झेंडा उतरला तो सेलांगोर क्लबसमोरच्या पडांगवरच. गोरे अधिकारी एकेक करून परतले आणि हॅश त्यांच्याबरोबर संपायला हवा होता. तसे झाले नाही. स्थानिक नोकरदार आणि व्यापारी आत आले. मलेशियातल्या अनेक गटांत आज चिनी वंशाच्या नागरिकांचा भरणा असतो. बीअर हा विधीचाच भाग असल्याने बहुसंख्य मलाय मुसलमान समाज मात्र या खेळापासून बराचसा दूर राहिला. हॅश हाऊसची जुनी वास्तू १९६० च्या दशकात रस्त्यासाठी पाडली गेली.

प्रसार बदल्यांच्या वाटेने झाला. इटलीत १९४७ च्या सुमारास लष्करी लोकांनी एक गट काढला होता, पण खरी साखळी सुरू झाली १९६२ मध्ये, इयन कमिंग यांनी सिंगापूरला शाखा काढल्यावर. पुढे ब्रुनेई, सारावाक, पेनांग, इपोह, मग हाँगकाँग, जकार्ता. तेल कंपनी, बँक किंवा वकिलातीतला माणूस नव्या गावी गेला की पहिल्या महिन्यात पिठाची पिशवी घेऊन बाहेर पडे. कोरड्या आणि शहरी मुलखात कागदाऐवजी पीठ वापरले जाऊ लागले, कारण ते झाडावे लागत नाही. त्यानेही कधी घोटाळे झाले: २००७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात अशा पिठाच्या खुणा विषारी भुकटी समजून फर्निचरचे एक मोठे दुकान रिकामे करण्यात आले होते. क्वालालंपूरचा मूळ गट, ज्याला ‘मदर हॅश’ म्हणतात, अजून सोमवारी आणि कागदावरच धावतो, आणि तो अजून फक्त पुरुषांचा आहे. त्यावर उतारा म्हणून १९७० च्या दशकात बायकांचे आणि मिश्र गट निघाले. आज बहुतेक शाखा मिश्रच आहेत.

१९७८ मध्ये हाँगकाँगला सगळ्या शाखांचा पहिला मेळावा, इंटरहॅश, भरला आणि तेव्हापासून तो साधारण दर दोन वर्षांनी होत आला. २००२ चा मेळावा गोव्यात झाला. मुंबईतही हॅशची शाखा आहे. सह्याद्रीतल्या गिर्यारोहण मंडळांशी तिचे वरवर साम्य वाटेल, पण गडावर जाणाऱ्यांना माथा गाठायचा असतो. हॅशला कुठेच पोचायचे नसते.

मलायातले रान मात्र आटत गेले. १९७० च्या दशकापासून क्वालालंपूर पसरू लागले तशी रबराची जागा आधी तेलताडाने आणि मग वसाहतींनी घेतली. खाणींची तळी बुजवून किंवा सजवून बाजारपेठा आणि बागा झाल्या. शहराच्या पश्चिमेचा बुकित कियारा हा असाच रबराचा मळा. सरकारने तो संपादन केला. त्यातल्या काही भागावर गोल्फचे मैदान व इतर बांधकामे झाली, काही भाग बागेसाठी राहिला, आणि तिथल्या तमिळ मजुरांची कुटुंबे तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या चाळवजा घरांत पक्क्या घरांची वाट पाहत दशकानुदशके राहिली. न तोडलेल्या रबराभोवती तिथे पुन्हा दाट झाडी माजली आहे आणि तिच्यातून धावणारे, सायकलवाले व फिरायला येणारे यांच्या वाटा गेल्या आहेत. शहरात असे तुकडे आता मोजकेच राहिले असल्याने हॅशच्या सशाला मोटारीने तासभर बाहेर जाऊन, मळेवाल्याची परवानगी घेऊन जागा शोधावी लागते. आणि धाव संपल्यावर रानात लटकलेला कागद दुसऱ्या दिवशी गोळा करून आणण्याचे कामही अनेक गटांत त्याच्याच गळ्यात असते.